सोनक्का काय ओरडल्या

निवृत्त झाल्यापासून लग्नामुंजीत भेटणारा प्रत्येक माणूस मला एकच प्रश्न विचारतो. "सरकारी वकील होता ना तुम्ही? मग खुनाच्या केसेस चालवल्या असतील!" नाही चालवल्या. खून सेशन्स कोर्टात जातो. मी मैसूरला खालच्या, मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात एपीपी होते, म्हणजे सहायक सरकारी वकील. माझ्या वाट्याला आल्या त्या चोरलेल्या सायकली, भावाभावांनी एकमेकांची फोडलेली डोकी, दुसऱ्याच्या आवारातलं चंदनाचं झाड कापून नेणारे महाभाग आणि दारू पिऊन बसच्या टपावर चढलेले एक हेडमास्तर. हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मग मी कुकरची केस सांगायला घेते, आणि सांगता सांगता माझंच डोकं पुन्हा तापतं. ती एकदा लिहूनच टाकावी म्हणते.

आधी थोडं घरचं, कारण त्याशिवाय ही केस कळायची नाही. आमची मूळची रंगाऱ्यांची घरं. मैसूरला कधी आलो ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. आजोबांच्या हातांना निळा रंग कायमचा बसलेला, वडील मात्र कचेरीत कारकून. घरात बोलतो ते मराठीच, पण पुण्याच्या पाहुण्याला ते ऐकून घाम फुटतो. आमच्यात मूल किरकिर करायला लागलं की त्याला "सुम्मने बस" म्हणतात, आणि ‘सुम्मने’ हा कन्नड शब्द आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. हे असं लिहायचं मराठी मी मावशीकडच्या जुन्या दिवाळी अंकांतून शिकले.

आता केस. मैसूरच्या कडेला, बोगादीत, तेव्हा नवी घरं उठत होती. अर्धे प्लॉट रिकामे, रस्त्यावर खडी, आणि अधूनमधून कुणाच्या तरी गळ्यातली साखळी ओढल्याची बातमी. माणसं धसका घेऊन होती. एका दुपारी एक माणूस सायकलच्या दांडीला पिशवी अडकवून एका कुलूपबंद घरापासून निघाला. शेजारच्या घरातली म्हातारी ‘कळ्ळ, कळ्ळ!’ असं ओरडली. कन्नडात कळ्ळ म्हणजे चोर. कोपऱ्यावर चार तरुण उभे होते. त्यांनी त्या माणसाला सायकलवरून खेचलं, बडव बडव बडवलं आणि पोलिसांना बोलावलं. पिशवीत निघालं काय, तर एक प्रेशर कुकर आणि मिक्सरचं भांडं. कुकरच्या बुडाशी नाव कोरलेलं होतं, ते त्या कुलूपबंद घराच्या मालकिणीचं.

हे सगळं मी पोलिसांच्या कागदांवरून सांगते आहे. कोर्टात केस येते ती माणसांच्या आधी कागदांनी येते. पहिला कागद एफआयआर, तो त्या चारांपैकी एकाच्या फिर्यादीवरून लिहिलेला. मग महजर, म्हणजे महाराष्ट्रातला पंचनामा: दोन पंचांसमोर कुकर जप्त केला, चिठ्ठी लावली, लाखेचं सील मारलं. मग साक्षीदारांचे जबाब. हे जबाब पोलीस आपल्या हातानं लिहितात आणि त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही असा कायदाच आहे. कारण तो जबाब पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे साक्षीदार कोर्टात शपथेवर जे बोलेल तेवढंच. या सगळ्याची चळत बांधून तिला चार्जशीट म्हणतात. ती कोर्टात आली की पोलिसांचं काम संपलं आणि माझं सुरू झालं. भाजी त्यांनी निवडायची, आमटी मी करायची, आणि दाताखाली खडा आला की शिव्या मला.

या चळतीत खडे किती होते ते मी त्या कोर्टात बदलून आले तेव्हा पाहिलं. तोवर केस चांगली जुनी झाली होती. चोरी म्हणजे मालकाच्या संमतीवाचून नेणं, हे लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. इथं मालकिणीचा जबाबच नव्हता! ज्यानं तपास केला तो सबइन्स्पेक्टर बदलून हासनला गेलेला. त्याच्या जागी आलेल्याला मी विचारलं, "अहो, ज्यांचा कुकर गेला त्यांना कुणी काही विचारलंच नाही?"

"त्या गावी नव्हत्या, मेडम."

"मग आल्यावर विचारायचं."

"त्या येईपर्यंत चार्जशीट गेली होती, मेडम."

हे त्यानं इतक्या समाधानानं सांगितलं, जणू चार्जशीट म्हणजे सुटलेली बस.

आरोपीचं नाव नंजप्पा. येलवालचा. कुकर, मिक्सर, गॅसची शेगडी दुरुस्त करत सायकलवरून घरोघर फिरणारा. कुकर दुरुस्तीला मिळाला होता असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता, पण ते कुठल्याच कागदावर उतरलं नव्हतं. जामीन राहायला जमिनीचा कागद असलेला माणूस लागतो. तो सापडेपर्यंत नंजप्पा तुरुंगात होता. सुटल्यापासून मात्र दर तारखेला हजर. फिर्यादी तरुण येत नव्हता, पंच येत नव्हते, एकदा मॅजिस्ट्रेट साहेब रजेवर, एकदा वकिलांचा संप. नंजप्पा तेवढा न चुकता मागच्या भिंतीला टेकून उभा.

असल्या केसेस निकालात काढायचा एक सोपा रस्ता आहे. लोकअदालत भरते, आरोपी गुन्हा कबूल करतो, किरकोळ दंड भरतो आणि घरी जातो. नंजप्पाच्या पोराएवढ्या वकिलाला हे पसंत होतं, कोर्टाला होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होतं. त्याच्या वकिलासमक्षच मी त्याला म्हटलं, "दंड भर आणि मोकळा हो ना. किती वर्षं येणार आहेस?"

त्यानं मान हलवली. "अम्मा, मी बायकांच्या स्वयंपाकघरात शिरून पोट भरणारा माणूस. चोर म्हणून एकदा मीच कबूल केलं, तर कोण मला उंबऱ्याच्या आत घेईल?"

"आता तरी कोण घेतंय?"

"आता कुणी घेत नाही," तो म्हणाला. "पण आता मी खोटं नाही बोललेलो."

मी फाइल मिटली आणि पुढची तारीख घेतली.

राहिली ती ओरडणारी म्हातारी. नाव सोनाबाई. समन्स पाठवलं, तर ‘घर बंद’ असा शेरा मारून परत. पुन्हा पाठवलं, ‘साक्षीदार परगावी’. तिसऱ्यांदा पाठवलं, तेव्हा ‘साक्षीदार मयत’. मी हवालदाराला विचारलं, "खात्री केलीस?" तो म्हणाला, "शेजारच्यांनी सांगितलं, मेडम." ठीक. मेलेल्या माणसाला समन्स बजावता येत नाही. मी सोनाबाईंच्या नावावर रेघ मारण्याचा अर्ज लिहायला घेतला.

त्याच आठवड्यात आमच्यातल्या एका लग्नात मी जेवायला बसले होते. शेजारच्या पानावर एक ठेंगणी, जाड काचांच्या चष्म्याची म्हातारी वाढप्याला थांबवून दुसऱ्यांदा चिरोटी मागून घेत होती. ऐकू कमी येत असावं, कारण बोलणं सगळं वरच्या पट्टीत. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तू कुणाची गं?" मी वडिलांचं नाव सांगितलं. "अय्यो, तेंची का! आन् मी बोगादीची सोनक्का. सोनाबाई."

माझा घास हातातच राहिला. घर कुठलं, शेजारी कोण, विचारून खात्री केली. मग म्हटलं, "सोनक्का, तुम्ही वारलात असा कोर्टात कागद आहे."

"अय्यो देवा! मग हे जेवतंय कोण?" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की समोरची पंगत आमच्याकडे बघायला लागली.

लग्नात केसचं बोलायचं नाही एवढं भान मला होतं. कोर्टाची तारीख सांगितली, हवालदाराला हात धरून त्यांच्या दारात उभं केलं आणि समन्स त्यांच्या हातात दिलं जाईल याची व्यवस्था केली. तारखेच्या दिवशी त्या आल्या सुनेला घेऊन, ठेवणीतली सिल्क साडी नेसून, जणू बारशाला.

साक्षीपूर्वी साक्षीदाराला त्याचा पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवायचा असतो. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी तो वाचला आणि आमच्या मराठीत समजावून सांगितला. "तुम्ही म्हणालात की तो माणूस पिशवी घेऊन निघाला, तुम्ही बघितलं आणि ‘कळ्ळ, कळ्ळ’ म्हणून ओरडलात."

"मी कशाला तेला चोर म्हणू?" सोनक्का म्हणाल्या. "वरडले तवा तेला मी बघितलंबी नव्हतं."

"मग ओरडलात कशाला?"

"ही!" त्यांनी सुनेकडे बोट केलं. "ही गच्चीवर. ‘अत्ते, टाकी भरली, मोटर बंद करा, टाकी भरली, मोटर बंद करा.’ धा वेळा. मला ऐकू येत नाही म्हणून ही आनखी वरडते. मग मला राग आला. मीबी वरडले, ‘कळ्ळं! कळ्ळं!’"

मी जबाबाचा कागद मांडीवर ठेवला. आमच्या बोलण्यात ‘कळलं’चं ‘कळ्ळं’ होतं. माझी आई म्हणायची, मी म्हणते. रागानं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडलं, तर कोपऱ्यावरच्या कन्नड कानांना त्यात एकच शब्द ऐकू येणार.

"पण पोलिसांना तुम्ही हो म्हणालात."

"तेनी इचारलं, ‘अज्जी, कळ्ळ कळ्ळ म्हणून वरडलात का?’ वरडले तर होतेच. हौदु म्हटलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या मोटरची चौकशी हे का करतायत म्हणून मलाबी नवल वाटलं, मा. म्हटलं असेल कायतरी कायदा."

हसायला यायला हवं होतं. सून हसलीच, आणि मग तिलाही समजलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. मला दारातून आत, कोर्टाच्या मागच्या भिंतीला टेकलेला नंजप्पा दिसत होता. त्याला आमचं बोलणं कळत नव्हतं. सबंध कोर्टात ते कळणारी मी एकटी, आणि मी त्याच्या विरुद्ध बाजूची वकील.

सोनक्कांनी पिंजऱ्यात उभं राहून हेच सगळं कन्नडात सांगितलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मेडम, साक्षीदार तुमच्यातल्याच का?"

"भाषेनं, सर."

"आणि असा शब्द मराठीत आहे हे मला कोण सांगणार? तुम्ही?"

त्यांचं चुकलं नव्हतं. साक्षीदार फोडला जातो, उलटतो, हे रोजचं. शिवाय मी सरकारी वकील. साक्ष मला देता येत नाही. त्यांनी दुभाषा आणायला सांगितला आणि केस पुढे ढकलली.

दुभाषा म्हणून आला तो साताऱ्याकडून नुकताच बदलून आलेला बँकेतला एक तरुण ऑफिसर. शपथ घेऊन उभा राहिला. सोनक्का म्हणाल्या, "सुम्मने हुबी होती मी, मत्ते ही वरनं कूगायला लागली." तरुणानं माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. मग साहेबांना म्हणाला, "सर, या बाई कन्नड बोलतायत."

"मराठी बोलतेय मी!" सोनक्का कडाडल्या. "ह्येला येत नाही मराठी. दुसरा आणा."

दुसरा आणायचा म्हणजे पुन्हा तारीख. मी जीव मुठीत धरून उभी. अखेर साहेबांनीच मार्ग काढला. बाईंना म्हणाले, फक्त तो एक शब्द म्हणा, त्या दिवशी म्हणालात तसा. सोनक्कांनी चष्मा सारखा केला आणि सगळं कोर्ट दचकेल अशा आवाजात तो शब्द उच्चारला. बँकेतला तरुण खुलला. "कळलं! म्हणजे समजलं, सर. हे साताऱ्यातही असंच."

माझ्या मागून कोर्ट ड्यूटीवरचा हवालदार कुजबुजला, "मेडम, फितूर करा." साक्षीदार पोलिसांपुढच्या जबाबाविरुद्ध बोलला की त्याला फितूर ठरवायची परवानगी मागायची आणि सरकारी वकिलानंच त्याची उलटतपासणी करायची, अशी रीत आहे. तसं केलं की निदान कागदोपत्री आपली बाजू सुरक्षित राहते. म्हणजे त्या सबंध फाइलमध्ये खरं बोलणारं जे एकमेव माणूस, त्याच्यावर खोटेपणाचा आळ मी घ्यायचा, कशासाठी, तर वरच्या साहेबांनी विचारू नये म्हणून. मी उठून म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही." वरच्या साहेबांनी विचारलंच. खुलासा मागणारा मेमो आला. ‘साक्षीदार खरी वाटली’ एवढं एकच वाक्य मी उत्तरादाखल लिहिलं. त्या वाक्याचा पुढे माझ्या बढतीला काय उपयोग झाला ते न लिहिलेलंच बरं.

आता उरली कुकरची मालकीण. ती साक्षीदारांच्या यादीत नव्हती, म्हणून तिला बोलावण्यासाठी मी कोर्टाला वेगळा अर्ज केला. निर्मला मेडम कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. फोनवर त्या माझ्यावरच उखडल्या. "माझ्या सात पिढ्यांत कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही. कुकर जाऊ दे, मी नवा घेतला." मी म्हटलं, समन्स आहे, यावं लागेल. दोन तारखा त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं. तिसऱ्याला आल्या, पर्स छातीशी धरून.

मुद्देमालाच्या खोलीतून कुकर आणला होता. सील फोडलं. बुडाचं नाव त्यांनी ओळखलं. "माझाच."

"त्या दिवशी घरात चोरी झाली होती का?"

"नाही. कुलूप जसंच्या तसं होतं. लेकीच्या बाळंतपणाला मी त्या दुपारी गेले. निघायच्या आधी कुकर आणि भांडं दुरुस्तीला दिलं होतं. तो माणूस परत फिरकलाच नाही. खूप शिव्या घातल्या मी त्याला. कितीजणींना सांगितलं, त्याला घरात घेऊ नका, वस्तू घेऊन पळतो."

"त्याला ओळखाल का?" मी विचारलं.

त्या मागे वळल्या. "अय्यो, नंजप्पा!" भर कोर्टात त्या ओरडल्या. "कुठं नाहीसा झालास रे? आणि हा असा काय झालायस?"

नंजप्पानं हात जोडले. मग आरोपीच्या पिंजऱ्याची लाकडी कड धरून तो हमसून हमसून रडायला लागला. इतक्या तारखांत एकदाही न रडलेला माणूस. निर्मला मेडम माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "याला पकडलं होतं? याला? मला एका शब्दानं कुणी विचारायचं तरी!"

मी काय सांगणार? चार्जशीट गेली होती, मेडम.

पुढच्या तारखेला निकाल झाला. निर्दोष सुटका. साहेबांनी ती दोन ओळींत वाचली आणि शिपायानं पुढची केस पुकारली. सोनक्का मुद्दाम आल्या होत्या. बाहेर व्हरांड्यात मी नंजप्पाला म्हटलं, "जा बाबा आता. संपली केस."

तो हलला नाही. "ती माझ्यावरची संपली, अम्मा. माझी कधी?"

"तुझी कुठली?"

त्यानं डावा हात पुढे केला. मधली दोन बोटं वाकडी जुळलेली होती. त्या दिवशी चौघांनी मारलं तेव्हा मोडलेली. दवाखान्यात पोलिसांनी ‘सायकलवरून पडला’ असं सांगितलं आणि डॉक्टरांनी तसंच लिहिलं. "बारीक स्क्रू मला आता धरता येत नाही," तो म्हणाला. "त्याचा कागद कुठं आहे?"

कागद नव्हता. इतकी वर्षं ती फाइल मी उलटीपालटी वाचली होती; चोरलेल्या कुकरचं वजनसुद्धा तिच्यात होतं, पण या बोटांबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि मलाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं. हाड मोडणं हा गंभीर गुन्हा. त्याच्या फिर्यादीची मुदत कधी संपत नाही. हे मी त्याला सांगितलं, आणि पुढचंही सांगितलं: फिर्याद, तपास, जबाब, चार्जशीट, समन्स, तारखा. सगळं पहिल्यापासून. मला वाटलं, ऐकूनच घाबरेल.

"साक्षीदार कोण मिळणार तुला?" मी शेवटी म्हटलं.

"मी," सोनक्का म्हणाल्या. त्यांना आमचं बोलणं ऐकू आलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. "मोटर बंद करून मी भायेर आले तवा ते चौघं तेला मारत होते. मी सोडा सोडा म्हटलं. तेवढं मातर कुणाला ऐकू गेलं नाही."

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"तेनी इचारलं नाही."

पोलीस ठाण्यात नंजप्पाला अर्थातच उडवून लावलं. मग त्याच्या त्या पोराएवढ्या वकिलानं थेट कोर्टात फिर्याद लावली, कोर्टानं तपासाचा हुकूम दिला, आणि पुष्कळ खेट्यांनंतर चार्जशीट आली. त्या चौघांतला एक आता दुबईत आहे, एकानं बोगादीतच मोबाइलचं दुकान काढलं आहे, उरलेले दोघे तारखेला येतात आणि आम्हाला काही आठवत नाही म्हणतात. मी मध्येच निवृत्त झाले. केस दुसऱ्या एपीपीकडे आहे. ही नवी एपीपी मुलगी बरी आहे, पण तिच्या टेबलावरची चळत माझ्यापेक्षा उंच.

निर्मला मेडमनी आपल्या मैत्रिणींना फोन करकरून नंजप्पाला कामं मिळवून दिली. बारीक स्क्रू त्याची बायको धरते. तारीख पडली की तो मला सांगायला येतो. परवा आला तेव्हा मी विचारलं, "कंटाळत नाहीस का रे?"

"येतो कंटाळा," तो म्हणाला. "पण पहिल्या केसला मला आणायचे, अम्मा. आता बोलावतात."

पुढची तारीख दिवाळीनंतर आहे, सोनक्कांच्या साक्षीची. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. त्या दिवशी त्यांना घ्यायला रिक्षा घेऊन मीच बोगादीला जाणार आहे. समन्स त्यांच्यापर्यंत पोचेल असा भरवसा मला अजूनही नाही.